शिट्टीचा ठराव आणि भाऊजींची खुर्ची

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे तूर्त कागदावरच). लेक आणि बाळ दोघंही खुशाल असतील. इकडे सगळं ठीक आहे, म्हणजे भाऊजी माझ्याशी बोलत नाहीत एवढं सोडून. त्यांची बाजू तुला कळली असेलच, माझी कळवतो.

गेल्या रविवारी आमच्या बुद्धिबळ मंडळाची सभा झाली. अध्यक्ष भाऊजी, चिटणीस मी. सभेत सगळे एकदम बोलतात म्हणून मी खपून कामकाजाचे बावीस नियम लिहिले होते आणि भाऊजींनी ते न वाचता सही ठोकून मंजूर केले होते. त्या दिवशी दातांच्या डॉक्टरांनी ठराव मांडला, की डाव चालू असताना शिट्टी वाजवायला बंदी असावी. नाव कोणाचंच घेतलं नाही, पण विचार करताना शिट्टी वाजवणारा मंडळात एकच माणूस आहे, हे तुला मी सांगायला नको. भाऊजी ताडकन बोलायला उठले. मी अदबीने नियम नऊ वाचला: अध्यक्षांना चर्चेत भाग घ्यायचा असल्यास त्यांनी खुर्ची सोडावी. त्यांनी सोडली. नियमानुसार तिच्यात मी बसलो. भाऊजी शिट्टीच्या बाजूने वीस मिनिटं फार सुंदर बोलले (एक नमुनाही वाजवला) आणि परत आले.

"ऊठ," ते म्हणाले.

"नियम दहा," मी म्हणालो. "सोडलेली खुर्ची परत घ्यायला मतदान लागतं."

मतं पडली चार विरुद्ध चार. निर्णायक मत खुर्चीतल्या माणसाचं, म्हणजे माझं. पण स्वतःचा संबंध असलेल्या विषयावर मत देऊ नये, हा नियम तेराही माझाच. मी गप्प बसलो, विषय बारगळला, आणि अकरा वर्षांचे अध्यक्ष साधे सभासद झाले. ताई, मला उठावंसं फार वाटत होतं, पण आपणहून उठण्याचा नियमच लिहायचा राहिला होता.

शिट्टीचा ठराव त्या गोंधळात राहूनच गेला, तरी तेव्हापासून भाऊजी येतात, शिट्टी न वाजवता खेळतात आणि सगळ्यांकडून हरतात. परवा तर त्यांना हरवून डॉक्टरच कासावीस झाले. बघवत नाही गं.

तुझा,
धाकटा भाऊ

ता. क. : मला खुर्चीवरून काढायचा ठराव भाऊजी मांडणार आहेत, पण अनुमोदक मिळेना. मागे मत दिलेल्याला त्याच विषयावर अनुमोदन देता येत नाही (नियम सतरा), म्हणजे आठही जण बाद. तू मात्र आजीव सभासद आहेस आणि टपालाने अनुमोदन चालतं. तू त्यांची बायको असलीस तरी माझी बहीणही आहेस, तेव्हा पक्षपात म्हणता येणार नाही. लगेच एक ओळ लिहून पाठव.

ता. क. २ : कारण द्यावं लागतं. 'उद्धट' असं लिही. 'नालायक' लिहू नकोस, चिटणीसपदही जाईल.