आधीच केलेली खूण

ती. ताईस नमस्कार.

मी धडधाकट आहे, वजनही वाढलंय. आईचा गुडघा कसा आहे? फोनवर ती तुझ्या शेजारीच बसलेली असते, म्हणून हे पत्र.

हल्ली सगळी कामं मोबाइलमध्ये लिहितो आणि झालं की खूण करतो. लाँड्रीतला बॉयलर माझ्याकडे आहे, तिथे विसरून कसं चालेल?

काल ‘बॉयलर बंद’समोर खूण होती, तरी मन मानेना म्हणून परत गेलो. बॉयलर चालूच होता. खूण मीच केली असणार. फोन दुसऱ्या कुणाकडे नसतो. बाबांचं असंच सुरू झालं होतं का गं?

आता ‘ताईला पत्र’समोर खूण करायला फोन उघडला, तर ती आधीच केलेली आहे. माझं आधीचं पत्र मिळालं का? त्यात मी काय लिहिलं होतं, तेवढं कळव.

तुझा धाकटा