नऊ पायऱ्यांवरचा उतार

माझ्या हातची कामं आधी लिहितो: राहतं घर, चर्चमधली चौदा बाकं, पत्नी व्हर्निटाचं ओकचं कपाट, आणि मतदान होतं त्या सभागृहाच्या नऊ पायऱ्यांवर बसणारा लाकडी उतार. सात इंचाची एक पायरी, उंचीच्या दर इंचाला फूटभर लांबी, म्हणजे त्रेसष्ट फूट. नऊ फुटी सात तुकडे, विसाव्याचे दोन चौथरे वेगळे. कुणाच्या हाताखाली शिकलो नाही.

मी, थॅडियस मेब्री, वय अठ्ठावन्न, सुतार, राहणार टॅलो क्रीक, अलाबामा, डोकं ठिकाणावर असताना आणि कुणी गळ घातलेली नसताना हे स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात उताराचं लिहायचं राहिलं होतं.

१. घर, बचत, कपाट व्हर्निटाला.

२. हत्यारं भाची रोशेलला. रंधा पात्यावर टेकवून ठेवू नये. हे तिला तीनदा सांगितलं आहे.

३. उताराची हकीकत. माझा वर्गमित्र कॉर्नेल हायटॉवर राज्याच्या सिनेटमध्ये आहे. ज्यांना पायऱ्या चढवत नाहीत त्यांना मतपत्रिका गाडीपाशी नेऊन द्यावी, असं त्याचं मत. तसं झालंही. माझी झेल्मामावशी व्हीलचेअरवर असते. ती गाडीतूनच म्हणाली, "मी काय बर्गर मागवलाय? माझ्या आईला काळी म्हणून मत न देऊ देता याच दारातून परत पाठवलं होतं. मला आत जायचंय."

अकरा दिवसांत उतार केला. कॉर्नेलने एकदा टेपचं टोक धरलं, तेही पाव इंच चुकीचं. दोन फळ्या पुन्हा कापाव्या लागल्या.

मावशी ठेवणीतली टोपी घालून वर गेली, मत दिलं, उतरताना उताराच्या कठड्यावर पेन्सिलीने नाव लिहिलं. आज तिथे एकशे त्रेचाळीस नावं आहेत.

पुढे त्याच उतारावरून कॉर्नेलने भाषण केलं: "दार सगळ्यांना एकच हवं. म्हणून आम्ही हा उतार बांधला." पहिलं वाक्य मीच त्याला फोनवर ऐकवलेलं. माझ्या तोंडी ती कुरकुर होती. त्याच्या तोंडून ऐकताना लोकांचे डोळे भरून आले. व्हर्निटाने उभं राहून टाळ्या वाजवल्या. लग्नाच्या एकतीस वर्षांत माझ्या एका फळीला टाळी वाजवली नाही. विचारलं तर म्हणते, "थॅड, कपाटासमोर कोण टाळ्या वाजवतं?"

मला कॉर्नेलचा हेवा वाटतो, हे शपथेवर लिहितो.

४. आता त्याला उतार राजधानीच्या संग्रहालयात हवा आहे, स्वतःच्या नावाच्या पितळी पाटीसकट. म्हणतो, "तुझ्या शेडमध्ये कुजेल रे तो." कुजणार नाही, दर वर्षी तेल देतो. पण उतार तिकडे गेला तर पुढच्या मतदानाला मावशी पुन्हा गाडीत.

म्हणून उतार चर्चच्या महिला मंडळाला. मतदानाच्या आदल्या दिवशी जोडावा. विकू नये, रंगवू नये, पाटी लावू नये. कॉर्नेलला त्यावरून भाषण करू देऊ नये. त्याचे गुडघे गेले आणि मत द्यायला आला, तर वर जाऊ द्यावं आणि उतरताना पेन्सिल द्यावी. नाव इतरांच्या खाली, तेवढ्याच अक्षरात.

व्यवस्था रोशेलने पाहावी.

सही: थॅडियस मेब्री
साक्षीदार: ओटिस पेटवे, न्हावी (सही), ल्युएला क्रॉफर्ड, महिला मंडळ (सही)
टॅलो क्रीक, ११ एप्रिल २०२३

सह्या झाल्यावर व्हर्निटाने सगळं वाचलं. म्हणाली, "आकडा लिही. मलाही सांगितला नाहीस." साक्षीदार बसलेले असतानाच लिहितो: उतारासाठी, आणि तो दोघांनी मिळून बांधला असं लिहून देण्यासाठी, कॉर्नेल हायटॉवरने देऊ केलेली आणि मी नाकारलेली रक्कम, अठरा हजार डॉलर.