मॅडम आल्या, देविदास न्हाई

हिंगोली, २५ फेब्रुवारी २०२५

ति. शिलाताईस, धाकट्या देविदासचा सा. न. वि. वि.

मोबाइल विहिरीत पडला, म्हणून हे पत्र जळबाच्या टेम्पोतून पाठवून राहिलो. दहावी नापास भाऊ आंतरराष्ट्रीय झाला बघ! मी नोकरीला लागलो ती संस्था देशोदेशीच्या छोट्या धंद्यांना यंत्र, शिकवणी अन् गिऱ्हाईक मिळवून देते. मंगळवारी नैरोबीच्या मॅडम तुमच्या बायांच्या गटाचं हळद शिजवायचं काम पाहायला येतील. त्यांना पटलं तर गटाला वाफेवरचं यंत्र, अन् मला सहा महिने नैरोबी! मी वारंगा फाट्यावर त्यांच्या गाडीत बसतो. तिथली खिचडी म्हणजे, ताई... जाऊ दे, भूक लागली. पाहुणचार बराबर करा.

लोभ आहेच, तो उतू जाऊ देऊ नको.

देविदास

तांडा, ता. औंढा नागनाथ, ५ मार्च

चि. देविदास यास अनेक आशीर्वाद, त्यातला एक कापून.

मॅडम आल्या, तू न्हाई! काहून? पाहुणचार करा म्हणालास, अन् पाहुणा आला की आपला तांडा काम ठेवतो. आमी चुली विझवल्या, कढया घासून पालथ्या घातल्या, आरशाचे फेटिया-घागरे घालून बसलो. मॅडमनी विचारलं, काम कुठं आहे? मी म्हणलं, तुमच्या मानासाठी बंद ठेवलं. संगच्या दुभाष्या साहेबांनी वहीत काहीतरी खोडलं. तेवढ्यात म्हातारी निर्मलाबाई म्हणाली, पाहुणीला काम दाखवत न्हाईत. घरची हो, मग चूल पेटवते. साहेबांनी समजावून सांगितलं, तशा मॅडम खळखळून हसल्या, बाह्या सारल्या अन् दिवस कलेपर्यंत आमच्यात हळकुंडं निवडत बसल्या.

यंत्र मंजूर झालं. वर्षभर गटाजवळ माणूस कोण ठेवू, असं त्यांनी विचारलं. गटातल्या अकराही जणींनी तुझंच नाव घेतलं. मॅडम म्हणाल्या, तो एका जागी टिकत नाही. मी म्हणलं, म्हणूनच त्याला आजूबाजूचे आठ तांडे फिरायला द्या! नैरोबी हुकली म्हणून रुसशील, ठाऊक आहे. पण रुस इथं येऊन.

लोभ कमी झालाच तर वेगळं पत्र टाकीन.

शिला

हिंगोली, ११ मार्च

ति. ताईस, रागातला सा. न.

तुमी बायांनी माझी नैरोबी शिजवून खाल्ली! दोन दिवस मी चहा घेतला न्हाई. बरं, एकच दिवस. त्या मंगळवारी फाट्याला जाताना शेतात धूर दिसला, म्हणून एसटीतून उतरलो. रुपाच्या तांड्यावर पण हळद शिजून राहिली होती. पाणी ओढू लागलो अन् दिवस गेला. मॅडमला खरं सांगितलं. वाटलं, नोकरी गेली. तर म्हणाल्या, मग तोच दुसरा गट. नैरोबीचं पुढच्या साली पाहू, तेही टिकलास तर. नको असेल तर नाही म्हण, दुसरा माणूस आहे.

त्यांनी दिलेला नेमणुकीचा कागद खिशात घेऊन चार दिवस हिंडलो. ताई, मला आजवर सगळे ‘जा’च म्हणत आले. शाळा म्हणाली, मामा म्हणाला, ज्याच्या दुकानात लागलो तो कापडवाला तर दोनदा. या कागदावर अकरा बायांचे अंगठे अन् सह्या, हाच पाहिजे म्हणून. वाईट वाटलं नैरोबीचं, खोटं कशाला बोलू? पण सही केली. उद्या येऊन राहिलो.

लोभ असावा, अन् यंत्रावर थोडा कमीच असावा.

तुझा देविदास