खुर्ची दुसऱ्या टोकाला

प्रिय ताई,

उजव्या कानाचं कामावर कुणाला कळू देऊ नकोस, नोकरी जाईल, असं तू बजावलं होतंस. म्हणून शिवणखात्यात टेबलाच्या टोकाला मी मुकाट बसायचे. सगळ्या बायका उजव्या बाजूला, त्यांच्या गप्पा ऐकूच यायच्या नाहीत. त्या मला शिष्ट समजायला लागल्या.

परवा काज-बटणवाल्या मावशींनी विचारलं, "आमचं काही चुकलं का गं?"

मला रडूच कोसळलं. कानाचं सगळं सांगून टाकलं.

"एवढंच ना? ऊठ!" म्हणत त्यांनी माझी खुर्ची उचलून दुसऱ्या टोकाला नेली. आता सगळ्या डावीकडे.

नोकरी शाबूत आहे. तुझ्या मनाला लागेल म्हणून हे पत्र पोस्टात टाकणार नाही. पण आज मावशी माझ्यावर चक्क ओरडल्या, "अगं बाई, जरा गप्प बस!"

तुझीच,
धाकटी