मी पाहून आलोय

जळगाव,
४ जानेवारी २०२५

प्रिय फारुख,

अनेक आशीर्वाद. ताजबी अम्मींना माझा सलाम सांग. तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र लिहितोय.

इकडे ठीक. गुडघा कुरकुरतो. बामणोदची वांगी बाजारात आलीत. आमची ही भरीत करते म्हणाली, मी नको म्हटलं. ऑफिसच्या भरीत पार्टीला कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायला तूच बसायचास, धुरानं डोळे चोळत. यंदा घास उतरला नसता.

मी मुद्द्यावर येत नाहीये, हे तू ओळखलं असशील. अकरा वर्षं माझा सहायक होतास. साहेबांचं टिपण तिसऱ्या परिच्छेदापासून वाचावं, असं सगळ्यांना तूच सांगायचास.

तर ऐक. निवृत्त होऊन सहा महिनेही झाले नव्हते, तेव्हा मी त्या रंगाच्या कारखान्याची परवानगीची फाइल घेऊन धुळ्याला तुझ्याकडे आलो. प्रदूषण नियंत्रणाच्या माझ्याच जुन्या ऑफिसात, कारखान्याचा सल्लागार म्हणून. पगार नाही, मानधन आहे, मग नियम कसला, असं मनाला समजावलं होतं. निवृत्त अधिकाऱ्याला निदान दोन वर्षं त्याच ऑफिसात कुणाचं काम घेऊन येऊ देऊ नये, असं नोकरीत असताना मीच वर लिहून पाठवलं होतं. ते पत्र टाइप तूच केलं होतंस.

मला पाहताच तू उठलास. बढतीनं तुला मिळालेली माझीच खुर्ची मला दिलीस आणि स्वतः स्टुलावर बसलास. कारखान्यानं मला का ठेवलं, ते त्या क्षणी कळलं. माझ्या अनुभवासाठी नाही, तू असा उठून उभा राहतोस म्हणून. कळूनही मी खुर्चीत बसलो.

"साहेब, एकदा सांडपाण्याच्या टाक्या बघून येतो," तू म्हणालास.

"मी पाहून आलोय," मी म्हणालो. तू पुढे काही विचारलं नाहीस. सही केलीस.

फारुख, मी पाहिलं नव्हतं. मालकाच्या केबिनमध्ये चहा पिऊन परत आलो होतो.

परवा सोनगीरला, कारखान्याला लागून शेत असलेल्या त्या उखर्डूच्या विहिरीवर गेलो. त्यानं बादली ओढून माझ्यापुढे ठेवली. पाणी लालसर. "साहेब, बठ्ठं पानी आसंच शे. आते पोरेसले काय पाजू?" विहीर त्याची गेली, निलंबित तू झालास, आणि कागदावर माझं नाव कुठंच नाही. फार लाज वाटते रे.

काल चौकशी अधिकाऱ्यांना सगळं लिहून पाठवलं. मी खोटं बोललो आणि तू विश्वास ठेवलास, एवढंच त्यात आहे. ते जुनं पत्रही जोडलंय, त्या सूचनेची सुरुवात माझ्यापासून करा म्हणून. प्रत सोबत आहे. यानं तू सुटशीलच असं नाही. न पाहता सही केलीस, हे ते धरतीलच. पेन्शनवर बेतेल म्हणून ही रडली.

ते वाचून त्यांनी लगेच फोन केला; सतरा तारखेच्या सुनावणीला धुळ्याला मलाही बोलावलंय. तू आधीच येऊन बसलेला असशील. मी दारातून आत आलो की सवयीनं तुझे पाय हलतील, ते मला माहीत आहे.

तेवढं ऐक माझं. उठू नकोस.

आता कुणाचाच साहेब नसलेला,
भाईदास