वाटोबाचे बहात्तर थर

१० जानेवारी १९७२

मुलांनी विषय ठरवला — वाटोबा! मी कपाळाला हात लावला. नगरच्या इतिहास प्रकल्प स्पर्धेत तीन वर्षं आमची शाळा खालून पहिली. यंदा मातीचा किल्ला सोडून काहीतरी नवं करा म्हटलं, तर सातवीच्या पोरांनी जामखेड रस्त्यावरचा शेंदूर फासलेला देवच धरला! "गुरुजी, त्यो कवाचा हाय ते कुनालाच ठावं न्हाई," बन्सी म्हणाला. खरं आहे. आणि ठाऊक नाही ते शोधायचं, हे पोरांना मीच शिकवलं. भोगा आता!

१२ जानेवारी

शाळा समितीचे अध्यक्ष आप्पासाहेब बेहद्द खूश. वाटोबाच्या देवस्थानाचेही तेच अध्यक्ष. "लिवा, पांडवांनी स्थापला." पुरावा? "म्या सांगतो की!" स्पर्धा रविवारी, २३ तारखेला. मुलांना न्यायला स्वतःची जीप देणार आहेत. हे मात्र उत्तम.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगुळाने दाढ दुखतेय. काम शून्य.

१५ जानेवारी

गंमत झाली! काल कडब्याच्या गाडीचा धक्का लागून वाटोबाच्या शेंदराचा तळहाताएवढा टवका उडाला. मेहताबने तो पाटीवर ठेवून वर्गात आणला. तिचे वडील गनीभाई बैलगाड्या रंगवतात. जुना रंग खरवडताना किती हात बसलेत ते बघायची तिला सवय. "गुरुजी, दर दसऱ्याला शेंदराचा एक हात. मोजू की!"

शाळेचं भिंग काढून दिलं. बन्सीचे एकोणसत्तर थर आले, मेहताबचे बहात्तर, माझे शंभरावर — चष्मा बदलायला झाला! पुन्हा दोनदा मोजले. बहात्तरच. गेल्या दसऱ्यापासून मागे मोजत गेलं की पहिला हात येतो सन १९००चा. वीस वर्षं इतिहास शिकवतोय, पण तो असा हातात कधी आला नव्हता. पोरांपेक्षा मीच जास्त नाचलो.

१७ जानेवारी

टवका उडाला ती जागा नीट पाहिली. आत घडीव दगड, त्यावर इंग्रजी आकडा — ३१. नगर एकतीस मैल! वाटोबा म्हणजे इंग्रजांनी रोवलेला मैलाचा दगड! भर रस्त्यात हसू फुटलं. मग आप्पासाहेब आठवले आणि ते गिळलं.

१८ जानेवारी

आप्पासाहेब शाळेत येऊन कडाडले. "आमचा द्येव मैलाचा दगड? लोक नवस बोलत्यात त्याला!" स्पर्धेच्या तक्त्यावर पांडव लिहिले तर जीप. नाहीतर जीप नाही आणि स्पर्धाही नाही.

पांडव लिहायला दोन मिनिटं लागतात. पण मेहताब माझ्याकडे बघत होती. 'जे सापडेल तेच लिहायचं' — फळ्यावर, माझ्याच अक्षरात! म्हणालो, तक्ता बदलणार नाही. वेळ पडली तर चालत जाऊ! एकतीस मैल! बोलायला काय जातं?

बायको म्हणाली, "आधी बाजारापर्यंत चालून दाखवा."

१९ जानेवारी

मेहताब म्हणते, एक प्रश्न राहिलाच. मैलाच्या दगडाला पहिला शेंदूर कुणी लावला? आणि का? दर दसऱ्याला राहीबाई लावतात, ऐंशीच्या आसपास असतील. उद्या त्यांना विचारू. आप्पासाहेबही येणार. "पांडवांचं ती म्हातारीच सांगंल तुमाला!"

२० जानेवारी

राहीबाई ओट्यावर बसल्या होत्या. आप्पासाहेबांनी पांडवांचं नाव काढताच त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"दुष्काळ हुता. आई-बा आमाला घिऊन चालत नगरला निघाल्तं, कामाच्या पाई. भाऊ दोन वर्साचा. हितंच ग्येला. बानं दगडापाशी पुरला. त्याच्यावरून गाड्या जाऊ नये म्हनून दगडाला शेंदूर लावला. म्या आठ वर्साची. बाच्या मागं म्याच लावतीया."

इतकी वर्षं कुणाला बोलला नाहीत?

"लोक हात जोडून जायाचं. बरं वाटायचं."

आप्पासाहेबांनी टोपी काढली. म्हणाले, "गुरुजी, हाय तसं ल्ह्या. रविवारी सकाळी सहाला जीप यील."

मी विचारलं, राहीबाई, हे आम्ही नगरला नेऊन सांगितलं तर चालेल का तुम्हाला?

"न्या की, बाबा. लेकरू नगरलाच निघाल्तं."