त्रातचा प्लॅन, रिव्हिजन सात

५ जानेवारी, शुक्रवार
आजपासून रोजनिशी. कारण एकच, या घरात माझं ऐकून घेणारं कोणी नाही. प्रेमा ऐकते, पण त्याच वेळी भाजी निवडते. लेक उर्वी एका कानात इयरफोन ठेवून दुसरा कान मला देते, तोही उपकार केल्यासारखा.

संकल्प: फेब्रुवारीच्या ८ तारखेला, गुरुवारी, मेराजची सुट्टी. पुढे शुक्र-शनि. सलग तीन दिवस. मी आणि नूरुद्दीन थायलंडला जाणार. पटाया नाही, तिकडे सगळं मस्कत जाऊन आलंय. आम्ही जाणार त्रातला. कंबोडियाच्या कडेचा समुद्रकाठचा प्रांत, तिथून फेरीबोटीने को चांग नावाचं बेट.

प्रेमाला सांगितलं. म्हणाली, त्रास? मी म्हणालो, त्रात. म्हणाली, तेच ते.

पत्नीच असं म्हणते तिथे बाहेरच्यांकडून काय अपेक्षा ठेवायची.

७ जानेवारी, रविवार
ऑफिसात रमणचा निरोप समारंभ. तेवीस वर्षं माझ्या बाजूच्या टेबलावर बसला आणि आता व्हिसा कॅन्सल करून कायमचा केरळला चालला. मला कळलं कधी? केक आला तेव्हा. हा एक विश्वासघातच. भाषण मात्र मी चांगलं केलं. माणूस कॅन्सल झाला तरी आठवणी कॅन्सल होत नाहीत, असं म्हणालो. टाळ्या पडल्या. रमण रडला. जाताना टेबलावरची मनीप्लांटची कुंडी रिसेप्शनवालीला देऊन गेला. मला नाही.

दुपारी त्रातची एक्सेल केली. मी प्लॅनिंग इंजिनियर आहे. लोक ट्रिपला जातात, मी ट्रिप बांधतो. कॉलम: वेळ, काम, जबाबदारी, शेरा. जबाबदारीत बहुतेक ठिकाणी नूरुद्दीन टाकलाय. त्यालाही सहभाग वाटायला हवा.

८ जानेवारी, सोमवार
व्हॉट्सॲप ग्रुप काढला. सदस्य दोन. नाव टाइप केलं 'मिशन त्रात', फोनने आपल्या मनाने 'मिशन त्रास' केलं. तीनदा दुरुस्त केलं, तीनदा तेच. फोनसुद्धा प्रेमाच्या बाजूचा. राहू दिलं.

प्लॅनची पहिली प्रत, रिव्हिजन शून्य, ग्रुपवर टाकली. नूरुद्दीनने दोन तासांनी लिहिलं, इन्शाल्ला. ऑफिसात कोणी इन्शाल्ला म्हटलं की मी ते काम चार्टवरून काढतो. पण नूरुद्दीनचं इन्शाल्ला वेगळं. पंचवीस वर्षांचा दोस्त. शंभर टक्के धरलं.

त्याने खाली आणखी लिहिलं होतं, जना, तुझा पासपोर्ट बघून ठेव. चांगला मुद्दा. एक्सेलमध्ये ओळ वाढवली: पासपोर्ट तपासणे. जबाबदारी: नूरुद्दीन.

१२ जानेवारी, शुक्रवार
नूरुद्दीन दाभोळचा, मी धोपाव्याचा. मधे फक्त खाडी. एका फेरीबोटीच्या दोन टोकांचे आम्ही, आणि ओळख झाली ती इथे मस्कतला, हमरियाच्या एका खोलीत. सहा माणसं, एक संडास, एक राइस कुकर. कुकर आम्ही दोघांनी मिळून घेतला होता. त्या खोलीत ठरलं होतं की एकदा फक्त आपण दोघांनी समुद्रावर जायचं. हुकूम सोडणारा अर्बाब नाही, साइट नाही, बायकापोरं नाहीत. नुसतं बसायचं. मग माझं लग्न झालं, मी मदिनत सुलतान काबूसच्या फ्लॅटमध्ये आलो. तो मवालेहच्या मार्केटात कांदे-बटाटे उतरवून घेत राहिला, मग दुकानच सांभाळायला लागला. बसायचं राहिलं. आता गुडघे गेले, गावी जाणार, असं तो दोन वर्षं म्हणतोय. दोन वर्षं म्हणतोय म्हणजे जात नाही.

दुपारी त्याचा फोन. जुम्म्याची नमाज झाली, सीबच्या किनाऱ्यावर ये, गळ घेऊन चाललोय. मी म्हणालो, वेडा आहेस का? रिव्हिजन एक चालू आहे. समुद्राचं प्लॅनिंग सोडून समुद्रावर येऊ?

तो म्हणाला, बरं.

१५ जानेवारी, सोमवार
रिव्हिजन दोन. प्रिंट काढून स्वतः मार्केटात जाऊन दिली. एवढं कोण करतं? कांद्याच्या गोणीवर बसून त्याने चारही पानं वाचली. म्हणाला, फेरीबोट आहे? म्हणजे दाभोळ-धोपावेच झालं की. मी म्हणालो, हे इंटरनॅशनल आहे.

मग त्याने बोट ठेवून विचारलं, हे काय? दुसरा दिवस, संध्याकाळी पाच ते साडेपाच, समुद्राकाठी नुसतं बसणे. मी म्हणालो, पुढे सहाला सूर्यास्ताचा पॉइंट आहे, त्यामुळे तीसच मिनिटं. तो हसला. त्याला काहीतरी सांगायचं होतं बहुतेक, पण मी गाडी डबल पार्क करून आलो होतो.

१९ जानेवारी, शुक्रवार
पुन्हा त्याचा फोन. पुन्हा सीब. आज बोलायचंय म्हणाला. मी म्हणालो, काय असेल ते को चांगला बोल, तिथे मी 'मोकळ्या गप्पा' म्हणून वेगळा स्लॉट ठेवलाय.

संध्याकाळी रिव्हिजन चार. तीन नंबर उर्वीने चुकून उडवली. चुकून, असं ती म्हणते.

२१ जानेवारी, रविवार, दुपारी १.१०
जेवण अर्धवट टाकून लिहितोय.

सकाळी ग्रुपवर लिहिलं होतं, रिव्हिजन चारला मान्यता कळव, तिकिटं काढायचीत. आत्ता उत्तर आलं. जसंच्या तसं उतरवतो, पुरावा म्हणून: "जना, माझं कॅन्सल झालं रे. भेटून बोलू."

कॅन्सल! शेवटी नुसता 'रे'. सॉरी नाही, कारण नाही. चार रिव्हिजन झाल्या, तेव्हा गप्प. तिकीट काढायची वेळ आली आणि हा कॅन्सल.

भेटून काय बोलू? मी बोलणार नाही. संकल्प.

२२ जानेवारी, सोमवार
तीन मिस्ड कॉल. मन खात असणार त्याला.

२४ जानेवारी, बुधवार
जेवताना प्रेमाने विचारलं, नूरुद्दीनभाईंचं समजलं का? म्हणजे तिलाही माहीत! मी म्हणालो, समजलं. त्याने कॅन्सल केलंय. त्यावर ती म्हणाली, मग भेटून या ना एकदा. मी म्हणालो, कॅन्सल त्याने केलं आणि भेटायला मी जाऊ? ती म्हणाली, अहो, कॅन्सल केलंय म्हणूनच तर भेटायला हवं!

बायकांचं लॉजिक. वाद घातला नाही. ताटावरून उठलो. प्रेमाने नंतर गुपचूप दहीभात आणून ठेवला आणि पाठीवर हात ठेवला. असं ती सहसा करत नाही. मला फसवलं गेलंय हे निदान तिला तरी कळलं.

२६ जानेवारी, शुक्रवार
फोन नाही उचलला. सीबचाच असणार. प्रत्येक शुक्रवारी सीब. त्रातला यायला जमत नाही, सीबला बरोबर जमतं.

दिवसभर काही सुचलं नाही. रिव्हिजन पाच केली. एकट्यासाठी. 'मोकळ्या गप्पा' स्लॉट रिकामा ठेवला.

३० जानेवारी, मंगळवार, संध्याकाळी
तो घरी आला होता. बाल्कनीतून पाहिलं, टॅक्सीतून उतरत होता, गुडघा धरत. मी बेडरूममध्ये गेलो आणि प्रेमाला सांगितलं, झोपलोय म्हण. ती माझ्याकडे बघतच राहिली. मग बाहेर जाऊन म्हणाली, त्यांना जरा बरं नाहीये.

पाऊण तास बसला. चहा प्यायला. मी दाराला कान लावून होतो. माझं नाव दोनदा आलं. उर्वीला म्हणाला, खूप शीक. हा कोण उपदेश करणारा?

गेल्यावर बाहेर आलो. सोफ्यावर पिशवी. पिशवीत राइस कुकर. आमचा, हमरियाचा! माणूस संबंध तोडताना एकमेकांच्या वस्तू परत करतो, तसं. मी झाकणसुद्धा उघडलं नाही. ओट्याखाली ढकलला.

उर्वी म्हणाली, बाबा, नूर अंकल वॉज सो सॅड, यू शुड हग हिम. मी म्हणालो, अपराधी माणूस सॅडच असतो. तिला 'अपराधी' कळलं नाही. प्रेमाने सांगितलंही नाही, उठून आत गेली.

२ फेब्रुवारी, शुक्रवार
आज फोन आला नाही. सकाळपासून चार वेळा बघितला, रेंज आहे. मी उचलणार नव्हतोच. पण त्याने करायचा तरी.

संध्याकाळी प्रेमा डबा घेऊन बाहेर निघाली. येता का, म्हणाली. कुठे ते मी विचारलं नाही. मी रुसलेला माणूस आहे, मला विचारायचा अधिकार नाही.

५ फेब्रुवारी, सोमवार
ठरलं. एकटा जाणार. फोटो टाकणार, रोज बारा, आणि खाली लिहिणार, सोबतीला फक्त समुद्र. त्याला कळू दे. रिव्हिजन सात, अंतिम.

संध्याकाळी ६.३०
ऑफिसातून हमरियाला कासमच्या ट्रॅव्हलच्या दुकानात गेलो. कासम रायगडचा, आमची सगळी तिकिटं तोच काढतो. पासपोर्ट दिला. त्याने उघडला, मिटला, परत दिला. म्हणाला, साब, यावर चारच महिने शिल्लक. थायलंडला सहा लागतात. एअरलाइन बसूच देणार नाही.

मी म्हणालो, हे तपासायचं काम नूरुद्दीनचं होतं.

कासम म्हणाला, नूरुद्दीनभाई तर परवाच गेले. तिकीट इथूनच काढलं. मुंबई, वन-वे.

मी म्हणालो, वन-वे का?

कासमने माझ्याकडे असं पाहिलं जसं मी ओमानात कालच उतरलोय. म्हणाला, कॅन्सल करून गेले ना साब. अर्बाबने दुकान पोराच्या हातात दिलं. सव्वीस वर्षं, खलास. तुम्हाला नाही बोलले?

मी म्हणालो, बोलला. बोलला होता.

समोर खुर्ची होती. बसलो. कासमने चहा मागवला. मी त्याला रमणच्या भाषणातलं वाक्य सांगणार होतो, का ते माहीत नाही. चहाच पीत राहिलो.

६ फेब्रुवारी, मंगळवार
ऑफिसला गेलो नाही. प्रेमाला विचारलं, तू मला सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, तुम्हाला माहीत होतं की. तुम्हीच म्हणालात, त्याने कॅन्सल केलंय. जेवत नव्हतात, बोलत नव्हतात. मला वाटलं, सहन होत नाहीये. म्हणून मी गप्प राहिले. शुक्रवारी डबा घेऊन त्यांच्याकडेच गेले होते. तुमची वाट बघत होते ते.

मग मी तिला खरं सांगितलं. ट्रिप कॅन्सल, असं मला वाटलं होतं, म्हणालो. आधी तिला कळलंच नाही. कळलं तेव्हा तिने तोंडाला पदर लावला. हसत होती की रडत होती ते मी बघितलं नाही.

पंचवीस वर्षं या देशात राहतोय. कॅन्सल म्हणजे काय हे इथल्या शाळकरी पोरालाही कळतं. पण मला त्यातही माझीच ट्रिप दिसली. मी विश्वासघात-विश्वासघात ओरडत होतो आणि तो बाहेर सोफ्यावर बसून माझी तब्येत विचारत होता. लाज वाटते. दुसरा शब्द नाही.

९ फेब्रुवारी, शुक्रवार, दुपारी २.१५
रिव्हिजन सातप्रमाणे मी आत्ता को चांगला असायला हवा, तिथे सव्वापाच वाजलेत. 'समुद्राकाठी नुसतं बसणे' चालू.

ओट्याखालचा कुकर काढला. भात लावावा म्हटलं. आत माझी रिव्हिजन दोन, चार घड्या घातलेली. त्याने शेऱ्याचा कॉलम भरला होता, पेन्सिलीने, प्रत्येक ओळीत. मी दिलेलं काम त्याने नेहमी पूर्ण केलंय. पहाटेची टॅक्सी: इन्शाल्ला. विमान: इन्शाल्ला. फेरीबोट: धोपाव्याची आठवण येईल. पासपोर्ट: तुझा तू बघ जना, मला दाखवणार कधी? आणि दुसरा दिवस, पाच ते साडेपाच, समुद्राकाठी नुसतं बसणे. शेरा: हे सीबला पण झालं असतं.

भात करपला. रडू आलं, नीट आलं. उर्वीने येऊन बघितलं, इयरफोन काढले, दोन्ही.

संध्याकाळी ५.१५
फोन केला. पहिल्या रिंगला उचलला. मागे फेरीचा भोंगा. जेट्टीवरच बसला होता. सॉरी म्हणायला मी तीन वाक्यं लिहून ठेवली होती, त्यातलं एकही म्हटलं नाही. तोच म्हणाला, बरं वाटतंय काय रे आता? वहिनी म्हणाल्या तब्येत बरी नव्हती.

मी हो म्हणालो. मग सगळं सांगून टाकलं. ट्रिप, कॅन्सल, बेडरूम, सगळं. मग तो इतका हसला की त्याला खोकला लागला. हसू ओसरल्यावर हळूच म्हणाला, मला वाटलं, गावी चाललो म्हणून तू रागावलास.

मी म्हणालो, मी येतो. धोपाव्याहून फेरीत बसतो. तू दाभोळला उभा राहा. प्लॅन पाठवतो.

तो म्हणाला, पाठवू नको. ये.

संध्याकाळी ६.००
कासमला फोन करून विचारलं. म्हणाला, गावी जायला चार महिने चालतात, साब. बॉम्बेची फ्लाइट रोज आहे. उद्याचं काढू?

म्हणालो, थांब जरा.

चार महिने म्हणजे तसा वेळ आहे. सुट्टीचा अर्ज करायला लॅपटॉप उघडला. आधी एक छोटीशी एक्सेल करून घेतो. दोनच ओळींची.